जाऊबाईंचा भविष्यकाळ

६ जानेवारी, सोमवार

सरांनी सगळ्या वर्गाला दैनंदिनी लिहायला सांगितली आहे. इंग्रजीत. मी मराठीत लिहिणार. इंग्रजीत मला अजून 'माझी छत्री दाराशी आहे' एवढंच जमतं, आणि मनात जे साचलंय ते छत्रीबद्दल नाही.

आमचं हॉस्पिटल नव्या कंपनीने घेतलं. आल्या आल्या फर्मान सुटलं: यापुढे पाळी बदलताना पुढच्या माणसाला जे काही सांगायचं ते इंग्रजीत सांगा. मार्चमध्ये तोंडी परीक्षा. जे नापास होतील त्यांची रवानगी तळघरात, धुलाई विभागात. माझं अर्धं आयुष्य वाफेच्या यंत्रातून कात्र्या-चिमटे काढून पाकिटांत बंद करण्यात गेलं. आजवर एकाही चिमट्याने मला इंग्रजीत प्रश्न विचारला नाही. पण कंपनीपुढे बोलायची सोय नाही.

तेही चाललं असतं. पण परीक्षेसाठी कंपनीने लावलेल्या वर्गात सरांनी आज जोड्या लावल्या. "तुमचं आडनाव एकच दिसतंय, घरीही सराव होईल," म्हणाले आणि मला जाऊबाईंच्या शेजारी बसवलं. तीही याच हॉस्पिटलात कामाला. वॉर्डातल्या दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. आम्ही एका घरात राहतो आणि एकमेकींशी एक शब्द बोलत नाही, हे हॉस्पिटलच्या लिफ्टलासुद्धा माहीत आहे. सरांनाच माहीत नाही.

कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की मीच भांडखोर. माझी लेक शाळेत पहिली आली. घरी पाहुणे आले होते. त्यांच्यासमोर ही म्हणाली, "माझ्याच हाताखाली वाढली हो पोर." माझ्याच हाताखाली! मी काय तेव्हा परगावी होते? मी त्या दिवशी तोंड मिटलं ते मिटलंच. मोठे दीर गेले तेव्हाही मी तिला पाणी दिलं, पण बोलले नाही.

९ जानेवारी, गुरुवार

सर म्हणाले, आपण भविष्यकाळावरच भर देणार. "आजारी माणसाचे नातेवाईक मागचं विचारत नाहीत. डॉक्टर कधी येणार, ऑपरेशन कधी होणार, घरी कधी सोडणार, एवढंच विचारतात. तुमचं सगळं काम भविष्यकाळात आहे."

मग जोडीने बोलायचं. मी तिच्याकडे न बघता फळ्याकडे बघून विचारलं, "व्हॉट विल यू डू टुमॉरो?"

ती म्हणाली, "आय विल वॉश हर हेअर."

म्हणजे आईंचे केस. आमच्या सासूबाई अर्धांगाने अंथरुणाला खिळल्यात. त्यांचं सगळं हीच करते आणि आता इंग्रजीतही ते मिरवायला लागली. सर म्हणाले, "व्हेरी गुड."

एक गोष्ट मात्र मला आवडली. इंग्रजीत सगळ्यांना 'यू'. मोठी जाऊ म्हणून 'अहो' नाही, 'तुम्ही' नाही. तासभर मी तिला मनसोक्त 'यू' म्हणून घेतलं.

१५ जानेवारी, बुधवार

आज 'विल' आणि 'गोइंग टू' यांत काय फरक, त्यावर वर्ग. सरांनी खडू खाली टाकला आणि स्वतःच उचलत म्हणाले, "आत्ता ठरवलं, मी उचलतो, हे विल. घरून निघतानाच ठरवलं होतं की आज तुम्हाला छळायचं, हे गोइंग टू." वर्ग हसला. मी नाही हसले. मराठीत आम्ही दोन्हीकडे सारखंच 'उचलणार' आणि 'छळणार' म्हणतो आणि आमचं काही अडत नाही.

मग एकेकीचं वाक्य. मी म्हटलं, "आय ॲम गोइंग टू पास द एक्झाम." ती म्हणाली, "आय ॲम गोइंग टू लिव्ह इन अ स्मॉल हाऊस."

सरांनी विचारलं, "कसं घर?" तर बाई सांगत बसल्या. दोन खोल्या, मागे नळ, खिडकीत ऊन. इंग्रजीत. शब्द अडला की डोळे मिटायची आणि शब्द सापडायचा. इतकं खोटं घर इतकं तपशिलात रंगवायचं म्हणजे कमाल आहे. परीक्षकांपुढे छाप पाडायची तयारी, दुसरं काय.

१६ जानेवारी, गुरुवार

पाठ केलं, विसरले. चिडचिड.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज हे दुकानातून आले ते डोकं तापवूनच. यांचं रंगाचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलतात आणि उरलेला कडूपणा घरी आणतात. जाऊबाई आईंना पुसून घेत होती आणि तोंडाने शब्द घोकत होती. हे दारातून ओरडले, "वहिनी, या वयात इंग्रजी कुणासाठी?"

ती म्हणाली, "परीक्षेसाठी, भावजी."

"परीक्षेसाठीच असू दे," हे म्हणाले.

याच्यामागे गोष्ट आहे. गेल्या वर्षी हॉस्पिटलात एक्स-रेची यंत्रं दुरुस्त करायला एक उंच माणूस यायचा, आम्ही त्याला लंबू म्हणायचो. बायको वारलेली. आपली भाषा त्याला येत नाही. तो आणि जाऊबाई कॅन्टीनमध्ये चहा घेताना यांना दिसले. हसत होते म्हणे. यांनी तिथेच टेबल उलथलं, त्याच्या कंपनीत तक्रार केली, त्याची दूर कुठे तरी बदली झाली. जाऊबाईला घरी सुनावलं, "या घरातली बाई या घरातच राहील. पाय बाहेर टाकलास तर परत आणायचं कसं ते मला कळतं." मी तेव्हा भांडी घासत होते. नळ मोठा सोडला, ऐकू येऊ नये म्हणून.

मला दोघांचंही काही पडलेलं नाही. फक्त आमच्या यांचा आवाज चढला की आई रडतात, आणि त्या रडल्या की तास न् तास थांबत नाहीत.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

भविष्यातल्या बेताचं एक वाक्य बोला, असं सर म्हणाले. ही म्हणाली, "आय ॲम लीव्हिंग ऑन द ट्वेंटी-थर्ड."

मी ताबडतोब हात वर केला. 'सर, हा चालू वर्तमानकाळ झाला. भविष्यकाळ हवा. आय विल लीव्ह.' संधी सोडते की काय! एवढे दिवस तीच 'व्हेरी गुड' गोळा करत होती.

सर म्हणाले, "नाही. ह्यांचंच बरोबर आहे. जे पक्कं ठरलंय, तिकीट काढलंय, समोरच्याला कळवलंय, त्याला इंग्रजीत चालू वर्तमानकाळच वापरतात. विल म्हटलं तर नुसतं बोलणं झालं."

मग तिच्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला तेच म्हणायचं होतं ना?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "यस. दॅट." इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. जिंकल्यावर माणसं बघतात तसं बघितलं असणार. वर्गासमोर नाक कापलं माझं. घरी येताना मी पुढच्या बसने आले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

हिचं नवीन नाटक. आईंना कूस बदलून देताना दार सताड उघडं ठेवते. आणि मी स्वयंपाकघरातून जायच्या वेळेलाच. आधी गुडघा मुडपते, मग खांद्याखाली हात, मग हळूच, एक-दोन-तीन. आपल्याशीच मोठ्याने मोजते. पूर्वी झटक्यात करायची, आता लहान मुलाला शिकवावं तसं सावकाश. 'बघ, मी करते, तू काय करतेस' असं तोंडाने न म्हणता म्हणायचं. मी दोनदा थांबून बघितलं. टोमणा किती लांबतो ते बघायला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पूर्ण भविष्यकाळ. हा प्रकार इंग्रजांनी मुद्दाम लोकांना छळायला काढला असावा. पुढच्या एखाद्या दिवसावर जाऊन उभं राहायचं आणि तिथून मागे बघून सांगायचं की तोवर काय काय होऊन गेलेलं असेल. 'विल हॅव' आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. सर म्हणाले, "पाचपर्यंत पेशंटने औषध घेतलेलं असेल. असेल, हं. अजून घेतलेलं नाही."

जोडीदाराबद्दल वाक्य सांगायचं होतं. ती म्हणाली, "बाय मार्च, यू विल हॅव लर्न्ट टू टर्न हर."

मार्चपर्यंत मी आईंची कूस बदलायला शिकलेली असेन! सगळ्या वर्गासमोर! म्हणजे आज मला येत नाही, हे आडून जाहीर केलं. मी उत्तर दिलं, "बाय मार्च, यू विल हॅव फेल्ड."

सर म्हणाले, "व्याकरण दोघींचंही अचूक आहे," आणि खिडकीशी जाऊन खोकत उभे राहिले.

ती हसली. खरं सांगते, मनापासून हसली. मला आणखीच राग आला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आजचं आजच लिहून ठेवते.

संध्याकाळी हे दुकानातून लवकर आले. चहा मागितला. मी कपबशी पुढे ठेवत होते. गॅलरीचं दार अर्धवट लोटलेलं, आणि बाहेर जाऊबाई फोनवर. इंग्रजीत. हळू आवाज, पण शब्द सुटे सुटे, सरांनी शिकवल्यासारखे.

"यस. ऑन संडे. आय ॲम टेकिंग द सिक्स ओ'क्लॉक बस." मग थोडं ऐकलं. मग म्हणाली, "नो. आय ॲम नॉट गोइंग टू कम बॅक."

मी कप यांच्या हातात दिला आणि मनात तारखा मोजल्या. येत्या रविवारी तेवीस तारीख आहे.

वाक्य करून बघणाऱ्या माणसाला मध्ये थांबून ऐकावं लागत नाही. आणि मला ते छोटं घर आठवलं, नळ मागे, ऊन खिडकीत. ते तिने रचलेलं नव्हतंच. कोणी तरी तिला फोनवर सांगितलं होतं, आपली भाषा न येणाऱ्या कोणी तरी. बया सगळ्या वर्गासमोर, माझ्या तोंडावर, महिनाभर सांगत होती आणि मी व्याकरण तपासत होते.

यांनी कप खाली ठेवला. "काय बोलतेय ती? संडे काय? बस कसली?"

यांना तेवढे दोन शब्द कळले होते. आणखी एक कळला असता तर गॅलरीत काय झालं असतं ते मला डोळ्यांसमोर दिसलं.

मी म्हटलं, "धडा आहे."

"कसला धडा?"

"एक बाई रविवारी बसने बहिणीकडे जाते. परीक्षेत विचारणार आहेत. सगळ्यांना पाठ करायचाय."

"सगळ्यांना?" हे माझ्याकडे बघत राहिले. "मग तू कधी करताना दिसली नाहीस. म्हण बघू."

मी पदराला हात पुसले आणि भर स्वयंपाकघरात, परीक्षेला उभी राहिल्यासारखी, मोठ्याने म्हटलं, "ऑन संडे आय ॲम टेकिंग द सिक्स ओ'क्लॉक बस. आय ॲम नॉट गोइंग टू कम बॅक."

बाहेर गॅलरीतला आवाज तुटला.

हे म्हणाले, "बहिणीकडे जाणाऱ्या बाईवर धडे काढतात. म्हणूनच बायका बिघडतात." आणि बिस्किट बुडवलं.

ती आत आली ती भिंतीच्या कडेने. माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही. तिच्यासाठी केलं असं कोणी समजू नये. परीक्षा तोंडावर आलीय, घरात तमाशा झाला तर माझा अभ्यास बुडणार. शिवाय माझे उच्चार तिच्याहून बरे आहेत, तेही कळायला हवं होतं कुणाला तरी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वर्गात ती शेजारी बसली. आभार नाही, काही नाही. मी विचारलं, "विल यू बी हॅपी?" पुस्तकातलाच प्रश्न होता, पान बघून विचारला.

ती बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. "आय डोन्ट नो," म्हणाली.

सर म्हणाले, उत्तर भविष्यकाळात हवं. तिने दिलं नाही. सरांनी तिचा एक गुण कापला आणि मी आज त्यावर खूश झाले नाही. बरं नसावं मला.

रात्रभर विचार केला की यांना सांगून टाकावं. ती गेली की आईंचं सगळं माझ्या गळ्यात, वर नोकरी, वर यांचे बोल. हिने मात्र खिडकीत उन्हात बसायचं. सांगून टाकलं तर ती जाणार नाही, सगळं आहे तसं राहील. आहे तसं कसं, तर नळ मोठा सोडून भांडी घासायची.

नाही सांगितलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

पहाटे उठले. तहान लागली होती. स्वयंपाकघरात दिवा न लावता उभी होते.

ती आईंच्या खोलीतून बाहेर आली. आतून बोलण्याचा आवाज येत होता, काय बोलल्या ते कळलं नाही, आईंना तसंही स्पष्ट बोलता येत नाही. हातात एकच पिशवी. एवढ्या वर्षांच्या संसाराची एकच पिशवी, आणि तीही दुकानाच्या जाहिरातीची, यांच्याच.

मी दिसल्यावर थबकली. मग म्हणाली, "आय ॲम गोइंग."

घरातून निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. ती 'येते' म्हणाली नाही. खोटं बोलायचं नसेल.

मला काही तरी बोलायचं होतं. तोंडातून आलं, "डोअर. स्लोली."

ते दार आपटतं आणि हे जागे होतात. तिने इतकं हळू ओढलं की कडी लागल्याचा आवाजही मला आला नाही. मी पुढे जाऊन बघितलं. लागली होती.

२६ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवस घरात आग आहे. हे ओरडतात, शेजाऱ्यांना विचारतात, हॉस्पिटलात जाऊन आले. तिने रीतसर राजीनामा दिलाय, पत्ता कोणाला दिला नाही. लंबूच्या कंपनीत फोन केला तर त्यांनी सांगितलं, तो नोकरी सोडून गेला.

काल माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "तुला माहीत होतं."

"मला?" मी म्हटलं. "माझा भविष्यकाळ अजून कच्चा आहे."

माझं इंग्रजीचं पुस्तक बादलीत गेलं. हातही उगारला होता, पण आतून आईंनी असा आवाज काढला की हे तिथेच थांबले. मी पानं दोरीवर वाळत घातली. हॉस्टेलवरून लेकीचा फोन आला, "आई, तू ठीक आहेस ना?" मी काही न सांगता तिने हेच का विचारलं? म्हणजे कार्टीला सगळं माहीत होतं. जाऊबाईच तिला तिकडे फोन करत होती, तेही आता कळलं. दोघींनी मिळून मला मूर्ख बनवलं.

आईंची कूस मी बदलते. पहिल्याच खेपेला जमलं. गुडघा, मग खांदा, मग मोजायचं. त्यात काय अवघड होतं एवढं मिरवण्यासारखं?

४ मार्च, मंगळवार

परीक्षा. माझी जोडीदार हजर नाही म्हणून सर स्वतः समोर बसले, परीक्षक बाजूला. कडक बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. विचारलं, आज संध्याकाळी तुम्ही काय करत असाल?

मी इंग्रजीत सांगितलं, पाच वाजता मी सासूबाईंची कूस बदलत असेन. सहा वाजता मी नवऱ्याशी भांडत असेन.

त्या म्हणाल्या, "एव्हरी डे?"

मी म्हटलं, "नो. बिफोर, ओन्ली ही. फ्रॉम नाऊ, आय विल ऑल्सो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. पास झाले. तळघर टळलं. सरांनी बाहेर येऊन हात पुढे केला आणि जाऊबाई कुठे आहेत विचारलं. मी म्हटलं, त्यांना परीक्षेची गरज राहिली नाही.

सहा वाजता भांडलेही. यांना म्हटलं, आईंचं दुपारचं तुम्ही बघायचं, दुकान दोन तास बंद राहिलं तर रंग वाळून जात नाहीत. हे इतके चकित झाले की आधी ओरडायचंच विसरले. मग ओरडले. मी नळ बंदच ठेवला.

९ मार्च, रविवार

आई खात नाहीत. कालपासून चमचा ओठाला लावला की मान फिरवतात, घातलं तर ठसका लागतो, सगळं गळ्यावरून ओघळतं. डॉक्टर म्हणतात असंच राहिलं तर नळी घालावी लागेल. यांनी एकदा भरवून बघितलं आणि वाटी आपटून दुकानात निघून गेले, रविवार असून.

दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर.

"हॅलो," तिकडून आवाज. "हाऊ आर यू?"

आवाज मात्र ओळखीचा.

"आय विल नॉट डिस्टर्ब," ती म्हणाली. "आय ओन्ली..."

"इंग्रजी पुरे झालं," मी म्हटलं. "आई कालपासून घास गिळत नाहीत. तुम्ही कशा भरवत होता ते सांगा."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज.

"डोक्याखाली उशी कुठली आहे?" ती म्हणाली. "उंच की पातळ?"

"उंच."

"काढ ती. आधी बसतं कर, हनुवटी खाली येऊ दे. सूप फार गरम नको. मी थांबते फोनवर."

मी फोन उशाशी ठेवला. ती सांगत राहिली, मी चुकत राहिले. डाव्या बाजूने नको, उजव्या गालात घाल. थांब. घाई कसली झालीय तुला? गिळलं का बघ, मग दुसरा. तिने मला दोनदा वेंधळी म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी ऐकवलं, एवढी काळजी होती तर राहायचं होतं. ती म्हणाली, चमचा अर्धाच भर.

आईंनी अर्ध्याहून जास्त वाटी घेतली.